व्यंकटरावची ढोलकी

नांदेडला रेल्वे लाइनच्या पलीकडं मिलिंदनगर नावाची वस्ती आहे. तिथं एक म्हण चालते, ती तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. उद्यापासून नळाला रोज पाणी येणार असं कुणी पुढारी सांगून गेला की बायका घागर कमरेवर घेत म्हणतात, "आलं हो पाणी! व्यंकटरावची ढोलकी!" कुणाच्या पोराची नोकरीची ऑर्डर निघालीय, फक्त पोस्टातून यायचीय, असं कानावर आलं की दुकानदार गूळ जोखता जोखता बोलतो, "निघाली असल. व्यंकटरावची ढोलकी." म्हणजे आहे म्हणतात, पण ऐकायला काही येत नाही.

आणि गंमत म्हणा की छळ म्हणा, हे व्यंकटराव गजभारे त्याच दुकानात पिशवी घेऊन उभे असतात! दुकानदार जीभ चावतो. व्यंकटराव अर्धा किलो तूरडाळ घेतात आणि घरी येतात. तेरा वर्षं असंच चाललं होतं.

त्यांची मुलगी रूपाली. चौतीस वर्षांची, उमरीच्या जिल्हा परिषद शाळेत गणिताची मास्तरीण, रोज नांदेडहून रेल्वेनं जाऊन येऊन करणारी. तिला ही म्हण ऐकली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. बापाची चेष्टा कुणाला आवडते? पण रूपालीचं दुखणं आणखी आत होतं. ती म्हण जन्मली त्या दिवशी सगळ्यात आधी हसणारी तीच होती.

तेव्हा काय झालं ते सांगतो.

व्यंकटराव रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या तपासत, हातोडा घेऊन रोज सहा-सात किलोमीटर लाइन चालणारा माणूस. ढिली चावी डोळ्याला दिसत नाही, हातोडा मारला की आवाजानं सांगते. असा कान तयार झालेला माणूस, त्यात हात ढोलकीचा. भीमजयंतीला गायनपार्टीत व्यंकटराव बसले की गाणाऱ्याला निम्मा आवाज फुकट मिळायचा. उमरीच्या अशाच एका कार्यक्रमात लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी त्यांना ऐकलं. चार जणांचा रॉक बँड होता त्यांचा, नाव 'फुफाटा'. त्यांनी कार्यक्रम संपल्यावर येऊन हातच धरला. म्हणाले, काका, आमच्या एका गाण्यात तुम्ही पाहिजेत.

व्यंकटरावांनी दोन दिवसांची रजा टाकली. पांढराशुभ्र शर्ट घातला, ढोलकी मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला गेले, रेकॉर्डिंग करून आले. एरवी हा माणूस दोन शब्दांच्या जागी एक वापरणारा. पण त्या दिवशी विहाराच्या पायरीवर बसून चारचौघांत बोलून गेला, "माझ्या ढोलकीवर गाणं उभं हाय."

चार महिन्यांनी कुरिअरनं सीडी आली. रविवार होता. वंदना झाल्यावर वस्तीतल्या आनंदराजनं, ज्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, मोठे डबे लावले आणि गाणं सुरू केलं. गाण्याचं नाव 'नळ'. लातूरच्या पाण्यावरचं. गिटार गरजल्या, कॉम्प्युटरचे ड्रम धाडधाड वाजले, गाणारा पोरगा जीव तोडून ओरडला. पाच मिनिटांचं गाणं संपलं. ढोलकी? नावालाही नाही! दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आनंदराजनं होती नव्हती ती सगळी बटणं फिरवून पाहिली आणि मान वर करून विचारलं, "व्यंकटराव, ढोलकी एसटीतच ऱ्हायली का काय?"

आणि रूपाली हसली. एकवीस वर्षांची पोर, बोलणंच तसं होतं, फसकन हसू फुटलं. तिच्या मागून सगळी वस्ती हसली. व्यंकटरावांनी एकदाच तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी सीडी काढून घेतली, डबीवर कुठं आपलं नाव आहे का तेवढं उलटून पालटून बघितलं आणि घरी गेले. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, मनगट दुखतं. ढोलकी जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटावर गेली, ती तिथंच राहिली. "मी वाजवली होती," हे वाक्य त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही. आणि रूपालीला वाटत राहिलं, की बापानं एकदाच बढाई मारली आणि नेमका पकडला गेला.

आता या साली फेब्रुवारीत शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाईल चाळताना रूपालीला एक व्हिडिओ दिसला. 'फुफाटा, नळ, गिटार काढून.' तिचा घास हातातच राहिला.

बँड कधीच मोडला होता. पोरं नोकरीला लागली, एक तर परदेशात गेला. पण त्यांच्या चाहत्यांनी काय मांडलं होतं, वाहवा! साडेतीनशे लोकांचा एक ग्रुप होता, नाव 'फुफाटा उलटसुलट'. हे लोक ती जुनी गाणी सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांचे भाग सुटे करायचे. आवाज वेगळा, ड्रम वेगळे, बेस गिटार वेगळी, उरलेलं वेगळं. मग कुणी गिटार काढून तिथं सनई बसवायचा. देगलूरच्या मलप्पा नावाच्या एसटी मेकॅनिकनं ड्रम काढून तिथं चक्क संबळ घातला होता, आणि तो असा चपखल की मूळ गाणं त्यापुढं अळणी लागावं. एका बाईनं सगळीच वाद्यं काढून नुसता गाणाऱ्याचा आवाज ठेवला होता, तोही पहिल्या ओळीपासून. तो ऐकताना कळायचं, की गाणारा पोरगा शेवटच्या कडव्यात श्वास घ्यायलासुद्धा घाबरलाय. रूपालीनं तीन दिवसांत सत्तर रिमिक्स ऐकले. पैशाची आशा नाही, नावाची हाव नाही, रिकाम्या वेळात बसून दुसऱ्याच्या गाण्याचे टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे! असली माणसं जगात आहेत हेच तिला माहीत नव्हतं.

त्यातला सगळ्यात तरबेज म्हणजे सुदर्शन. मूळचा रेणापूरचा, शेतकऱ्याचा मुलगा, लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये नोकरीला. काम काय, तर सरांच्या लेक्चरच्या व्हिडिओतून पंख्याची घरघर आणि सरांचा खोकला काढणं. सात वर्षं खोकले काढून काढून त्याचा कान इतका बारीक झाला होता, की कुठला सर किती पान खातो हेही तो आवाजावरून सांगायचा.

रूपालीनं ग्रुपवर विचारलं, 'नळ गाण्यात ढोलकी आहे का हो?' आपण कोण, हे मात्र सांगितलं नाही. धीर झाला नाही.

दहा-बारा जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. सुदर्शननं मात्र दोन दिवसांनी उत्तर दिलं.

'ताई, बरंच खोदलं. अडचण अशी की यंत्र चारच ढीग करतं. ढोलकी असलीच तर तीही ड्रमच्याच ढिगात जाणार, कारण यंत्राच्या लेखी दोन्ही ठोकायचीच वाद्यं. ड्रम काढले की तीही जाते, ठेवले की त्याखाली दबते. सांगता येत नाही. पण आवाजाच्या ढिगात एक जुनी वस्तू आहेच, चौदाव्या सेकंदाला. ती तुम्हाला माहीतच असेल.'

तिला माहीत नव्हती. बाकी ग्रुपला मात्र ती पाठ होती. चौदाव्या सेकंदाला, गाणारा तोंड उघडायच्या आधी, एक माणूस एकच शब्द बोलतो : 'हाव.' मूळ गाण्यात तो गिटारखाली गाडलेला. चाहत्यांनी उकरून काढला आणि त्यावर नुसता कीस पाडला होता. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर हजार शब्दांचा लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं, हे पाण्याचं गाणं, आणि त्याच्या तोंडाशीच कवीनं माणसाच्या हावेचं नाव घेतलंय. हाव! लोभ! सगळ्या दुष्काळाचं मूळ! आणि तो आवाज किती थंड, किती निर्विकार, जणू काळच बोलतोय. लेखाखाली शंभरावर लोकांनी हात जोडले होते.

दुपारी उमरी स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून रूपालीनं कानात हेडफोन घातले आणि तो तुकडा लावला.

आधी छोटा श्वास आत गेला. मग आवाज आला : "हाव."

अगं माय! हा आवाज ती जन्मापासून ऐकत होती. बाबा, जेवता का? हाव. बाबा, फीचे भरले का? हाव. आधी श्वास आत, मग शब्द, आणि शब्दाच्या शेवटी ओठ पटकन बंद. असं हाव म्हणणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर नव्हता. तिनं अकरा वेळा ऐकलं. गाडी आली, लोक चढले, गार्डानं शिट्टी मारली तेव्हा कुठं ती पळत डब्यात शिरली आणि दारातच उभं राहून तिनं सुदर्शनला फोन लावला.

"सुदर्शनभाऊ, त्या पुण्याच्या साहेबांना सांगा, ती हाव म्हणजे लोभबिभ काही नाही. तो माझा बाप आहे!"

"ताई, मी समजलो नाही."

"अहो, तुम्ही रेणापूरचे ना? तुमच्या घरी हो कसं म्हणतात?"

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "मायला! माझी आई दिवसातून शंभर वेळा हाव म्हणती. आन् मी तो लेख वाचून माना डोलवून ऱ्हायलो! ताई, लई शिकल्यानं असं होतं बघा."

दोघंही पोट धरून हसले. पण हसणं ओसरल्यावर रूपालीनं आपण कोण, वस्तीत ती म्हण कशी पडली हे सगळं सांगितलं, तेव्हा सुदर्शननंच शंका काढली, आणि ती खरी होती. माणूस खोलीत होता हे ठरलं. ढोलकी वाजली का, आणि वाजली तर गाण्यात ठेवली का, हे कुठं ठरलं? आनंदराज लगेच म्हणेल, चहा घेता का विचारलं असल, म्हणून हाव म्हणाला असल.

"मग एक करू," सुदर्शन म्हणाला. "काकांना लातूरला आणा. आज वाजवू द्या. ते धाडधाड ड्रम मी काढतो आन् तिथं काकांची ढोलकी बसवतो. असं बसवतो की जगात कुणाला सांधा सापडायचा न्हाई. वस्तीचं तोंड बंद."

रूपालीला हे इतकं पटलं की घरी पोचून चप्पल काढायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं, ती उलटसुलट गाणीही लावून दाखवली. तिची आई सुमनबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानंच उठली, स्टुलावर चढली, कपाटावरची ढोलकी काढून नवऱ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "बडवा! तेरा वर्षं झालं, दुकानात गेलं की मान खाली घालून यावं लागतंय मला. बडवा एकदाची, आन् घाला त्या आनंदराजच्या कानात."

व्यंकटरावांनी ढोलकीला हात लावला नाही. रूपालीनं लावलेला फोन स्पीकरवर होता, तिकडं सुदर्शन होता.

"जयभीम काका," तो म्हणाला.

"जयभीम. बेटा, तू मोठा कलाकार हाईस. रूपालीनं मला तुमचे ते उलटसुलट दाखविले. ते संबळवालं लई झकास. पण हे नको."

"कामून काका?"

"त्या दिवशीचं त्या दिवशी. आज वाजवलेलं त्यात घुसवलं, तर मग लोक म्हणत होते तेच खरं झालं की. ढोलकी न्हवतीच, मागून घातली." त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मुलीकडं. "आन् खरं सांगू का? ती त्यांनी काढूनच टाकलेली असणार. चूक माझी हाय. ही हावच माझी चूक."

तेरा वर्षांत जे या घरात कुणी ऐकलं नव्हतं ते व्यंकटराव त्या संध्याकाळी बोलले. स्टुडिओत काचेमागं वीरण्णा नावाचा रेकॉर्डिंगवाला बसला होता. त्यानं बजावलं होतं, काका, कानात आधी मशीन वाजेल, त्याच्या तालाच्या दोन फेऱ्या गप बसायचं, मग मी काचेतून हात दाखवतो, तेव्हा सुरू करायचं. व्यंकटराव गप बसले. हात दिसला. आणि रेल्वेत तीस वर्षं काढलेला माणूस! तिथं इशारा मिळाला की तोंडानं जबाब द्यावा लागतो, नाहीतर समोरच्यानं समजायचं काय? त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, हाव. वीरण्णानं नंतर कपाळाला हात लावला होता. म्हणाला, काका, बोलायचं नव्हतं हो. जाऊ द्या, वाजवलंय एक नंबर, बघतो काय करायचं ते.

"मग सीडीत ढोलकी न्हवती," व्यंकटराव म्हणाले. "मी समजलो. एका शब्दापायी सगळी काढून टाकली. कुणाला जाऊन काय विचारायचं? आपणच घाण केलेली."

सुमनबाईच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं. रूपालीला बापाकडं बघवेना. म्हणजे वस्ती हसत होती ते वेगळंच, आणि हा माणूस आतल्या आत तेरा वर्षं स्वतःलाच दोष देत बसला होता. तिला आपलीच लाज वाटली.

फोनमधून सुदर्शन हळूच बोलला, "काका, परत सांगा. दोन फेऱ्या तुम्ही गप होता?"

"बिलकुल गप."

"आन् मशीन वाजत होतं? मशीनच ना, माणूस न्हवता ड्रमवर?"

"कॉम्प्युटर होता. तेच ते, तेच ते. माणूस असा वाजवीत न्हाई."

"थांबा, थांबा, थांबा." सुदर्शनचा आवाज चढला. "ताई, तुम्ही गणिताच्या मास्तरीण ना? बगा. मशीनची प्रत्येक फेरी हुबेहूब सारखी. पहिल्या फेरीत नुसतं मशीन. पुढच्या फेऱ्यांत मशीन अधिक काका, जर काका ठेवले असतील तर. मग पहिली फेरी उलटी करून, म्हणजे अधिकचं उणं करून, पुढच्या प्रत्येक फेरीवर टाकली तर?"

"वजाबाकी," रूपाली म्हणाली.

"मशीन मशीनला खाऊन टाकील. खाली उरतील ते काका. आन् काढून टाकलेले असले, तर काहीच उरणार न्हाई. सगळं चूप." मग त्यानं विचारलं, "काका, चालेल का? यात बाहेरचं काही घालायचं न्हाई. फक्त काढायचं."

व्यंकटरावांनी ढोलकीभोवती गुंडाळलेलं लुगडं सोडलं. आत ढोलकीच्या पोटाशी ती सीडी होती, डबीसकट, एक ओरखडा नसलेली.

"मोबाईलमधलं गाणं चालायचं न्हाई, त्यात बारीक आवाज छाटलेले असतात," असं सुदर्शननंच पुढं सांगितलं. "सीडी पाहिजे. आहे का कुठं?"

"हाव," व्यंकटराव म्हणाले.

रविवारी सकाळी बाप-लेक लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला निघाले. ढोलकी आणली नव्हती. सीडी व्यंकटरावांच्या पांढऱ्या शर्टाच्या आत, बनियनला लागून होती. वाटेत रूपालीच्या मनात एकच घोळत होतं. समजा काहीच उरलं नाही, तर? आत्तापर्यंत निदान शंका होती, तिच्या आधारानं माणूस जगू शकतो. आज सगळं चूप निघालं तर मात्र तिनं स्वतःच्या हातानं बापाला लातूरला नेऊन ते ऐकवलं असं होणार होतं. अहमदपूरच्या स्टँडवर तिला वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. व्यंकटरावांनी दोन चहा सांगितले आणि एक तिच्या हातात दिला.

कोचिंग क्लासला सुट्टी होती. सुदर्शनची खोली फळ्यांच्या मागं, सगळ्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. तो दारात येऊन व्यंकटरावांच्या पाया पडायला वाकला, त्यांनी त्याला मध्येच धरलं. मग त्यानं सीडी दोन बोटांत अलगद घेतली, काम केलं. चांगले दोन तास केलं. आधी ड्रमचा ढीग वेगळा काढला, त्यातली पहिली फेरी कापली, उलटी केली आणि एकेका फेरीखाली नेऊन बसवली. आवाजाच्या ढिगातली ती हावही पुन्हा तिच्या जागी ठेवली. केसाइतकं इकडंतिकडं झालं तर मशीन मशीनला खात नाही, उलट दुप्पट ओरडतं. तसं ते दोनदा ओरडलंही. तिसऱ्यांदा सुदर्शननं आवाज बंद ठेवून, पहिल्या दोन फेऱ्यांची रेषा स्क्रीनवर सपाट होईपर्यंत सरकवत जागा साधली. त्याच्या कपाळावर घाम होता, पण बोट माऊसवर असं हलत होतं की रूपालीला शाळेतली रांगोळी काढणारी मुलगी आठवली. कुठल्या जन्माचं देणं लागत होता हा आपल्या बापाचं, असं तिला वाटून गेलं.

"काका, तयार आहे," तो म्हणाला. "मी ऐकलेलं न्हाई. तिघं संगंच ऐकू. बटण ताई दाबतील."

रूपालीनं दाबलं.

पहिली फेरी. चूप. नुसती बारीक खरखर.

दुसरी फेरी. चूप. रूपालीनं डोळे मिटून घेतले.

मग तो छोटा श्वास, आणि "हाव."

आणि ढोलकी!

काय सांगू तुम्हाला, पातळ होती, खरखरीत होती, कडा झिजलेल्या होत्या, पण ढोलकी होती! एकामागून एक फेऱ्या, कुठं घाई नाही, कुठं आळस नाही. गाणारा पोरगा जिथं श्वास घ्यायला घाबरायचा, तिथं ही ढोलकी त्याच्यासाठी जरा थांबून उभी होती. मग सुदर्शननं तिच्यावर गिटार आणि गाणं हळूहळू चढवलं, धाडधाड ड्रम सोडून. 'नळ' तेरा वर्षांत पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकून उभं राहिलं. गाणं खरंच ढोलकीवर उभं होतं. बापानं एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं.

"काढलेली न्हवती काका," सुदर्शन म्हणाला. "वीरण्णांनी ठेवली होती. वरून ड्रम लई चढविले कुणीतरी, म्हणून दबली. तुमच्या हावचा काही दोष न्हवता. उलट ती हाव नसती, तर आम्ही शोधलीच नसती."

व्यंकटराव खुर्चीत ताठ बसून होते. शेवटची थाप विरली तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "ढोलकीची शाई ढिली होती त्या दिवशी."

रूपालीला हुंदका आवरला नाही. "बाबा, मी हसले होते."

"माहीत हाय. सगळ्यांच्या आधी तूच हसलीस."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? ढोलकी ऐकूच येत न्हवती तर लेकरू हसणारच की." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ तिथंच राहिला.

तेवढ्यात सुमनबाईचा फोन आला. रूपालीनं रडत रडतच सांगितलं. तिकडून असा आवाज आला की फोन कानापासून लांब धरावा लागला, "आनंदराजला म्हणावं, काढ सगळे डबे! एक बी मागं ठेवू नको! विहारापुढं लाव, अन् दुकानदाराला म्होरं बशीव!"

सुदर्शन हसत हसत नवी फाईल बनवत होता. ग्रुपवर टाकायची होती, साडेतीनशे लोक वाट बघत होते, पुण्याचे गृहस्थ धरून. त्यानं गाण्याचं नाव लिहिलं, बँडच्या चौघांची नावं लिहिली आणि पाचव्या ओळीवर येऊन थांबला.

"काका, इथं लिहू का? ढोलकी : व्यंकटराव गजभारे, मिलिंदनगर, नांदेड?"

व्यंकटराव बोलले नाहीत. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. पहिली फेरी गेली, ते गप. रूपालीनं त्यांच्याकडं पाहिलं. दुसरी फेरी गेली, तरी गप, पण मांडीवर त्यांची बोटं हलायला लागली होती. सुदर्शननं, काय मनात आलं कोण जाणे, माऊसवरचा हात उचलून त्यांना दाखवला.

व्यंकटरावांनी श्वास आत घेतला. आणि स्पीकरमधून व खुर्चीतून, एकाच वेळी, एकच शब्द आला.

"हाव."